सिमेंटचा बैल औत ओढत नाही



कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहिले नाही असे घर करवीर, कागल, हातकणंगले भागात शोधूनच काढावे लागेल. शाळेची सहल तिथे, पाव्हणेरावळे तिथे, सुट्टीला आलेली पुण्या-मुंबईची नातवंडेही तिथेच. कुंभार, सुतार, लोहार, चांभार, परीट, विहिरीवरची मोट, औत धरून उभा असलेला कुणबी असा सगळा जुना गावगाडा तिथे हुबेहूब उभा केला आहे. बैलाच्या अंगावरची शीर न् शीर दिसावी इतके काम बारीक आहे. पोरे त्या बैलाच्या वशिंडाला हात लावून बघतात आणि तो हलत नाही म्हटल्यावर पुढे जातात.

एक प्रश्न मात्र मोठ्या माणसांनी स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या गावात आज हलणारे, शेपूट मारणारे, दावणीला बांधलेले किती बैल उरले आहेत? बेंदराला कितीजणांच्या दारात खरी जोडी उभी असते आणि कितीजण कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या बैलांना पोळीचा घास दाखवून सण साजरा करतात? शहरात तर मातीचाच बैल, ते समजू शकते. पण आता गावातही तेच चालले आहे. कर तोडायला गावभर मिळून चार-दोन जोड्या जमवाव्या लागतात.

जुन्या देशी जाती टिकवायच्या म्हणजे काय करायचे, याबद्दल आपल्याकडे बराच घोळ आहे. कोणी म्हणते संग्रहालय काढा, कोणी म्हणते गोशाळा वाढवा, कोणी म्हणते अनुदान द्या. यातले काहीच चूक नाही. पण जनावराची जात ही भिंतीवर लावायची तसबीर नव्हे. ती टिकते ती शेतकऱ्याच्या दावणीला, कामाला लागून, वेतामागून वेत देत. म्हणून कणेरीसारखे ठिकाण जातिवंत जनावरांची रोपवाटिका झाले पाहिजे, शेवटचे नग जपून ठेवायची कणगी नव्हे, असे आमचे म्हणणे आहे. रोपवाटिकेतले रोप शेतात गेले तरच तिचा उपयोग.

कणेरीला हे अवघड नाही. मूर्तींचे संग्रहालय आहे आणि त्याच्या जोडीला देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या देशी गायींची मोठी गोशाळा आहे. मठाच्या छायेत कृषी विज्ञान केंद्रही चालते. बघायला माणूस येतो, बघण्यासारखे जनावर आहे, शिकवायला शास्त्र जाणणारी माणसे आहेत. एवढ्या तीन गोष्टी एका आवारात महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळतील. त्यांची गाठ गावातल्या गोठ्याशी घालायची, एवढेच काम राहिले आहे.

जात जाते कशी, हे आपल्याच नदीने दाखवले आहे

महाराष्ट्राच्या नोंदणीकृत गोवंशात खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला, काठाणी ही नावे येतात. आपल्या भागाची ओळख म्हणजे खिल्लार. खिल्लार या शब्दाचा अर्थच मुळी कळप. आटपाडी, म्हसवड, सांगोला, पंढरपूर हा तिचा खरा मुलूख. पांढरे अंग, लांब तोंड, मागे जाऊन वर वळलेली शिंगे, कडक खूर आणि चालीला चपळ. कमी पावसाच्या माळावर, कडब्याच्या चार पेंढ्यांवर दिवस काढून ती वासरू देते आणि ते वासरू पुढे मैलोन्‌मैल गाडी ओढते.

हा धंदा कसा चालत होता तेही लक्षात घ्या. माणदेशातला शेतकरी किंवा धनगर गाय सांभाळायचा, खोंड वाढवायचा आणि खरसुंडी, पुसेगाव, सांगोला, पंढरपूरच्या बाजारात उभा करायचा. पाण्याखालच्या भागातला, म्हणजे तुमच्या-आमच्या भागातला शेतकरी तो विकत घ्यायचा, औताला शिकवायचा, पाच-दहा वर्षे राबवायचा. दुष्काळी माळावरची गाय ही अशी बागाईत शेतकऱ्याच्या खरेदीवर जगत होती. आपण ट्रॅक्टर घेतला तेव्हा आपल्या गोठ्यातला बैल तर गेलाच, पण शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या गायीचे गिऱ्हाईकही गेले. हा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. कागदोपत्री ‘कृष्णा व्हॅली’ म्हणून नोंदलेली कृष्णाकाठची जात आपल्यापैकी किती तरुणांनी पाहिली आहे? एकोणिसाव्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या पुढाकाराने ती घडली. गीर, ओंगोल, कांक्रेज आणि इथली स्थानिक गाय यांचे रक्त एकत्र आणून काळ्या चिकण रानात औत ओढील असा दांडगा बैल तयार केला गेला. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरपासून बेळगाव-विजापूरपर्यंत तो पसरला. पुढे संस्थाने गेली, राजाश्रय गेला, काळ्या रानात ट्रॅक्टर आला. आज या जातीची जातिवंत जनावरे मुख्यतः सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या जिल्ह्यांत आणि तीही थोडकीच सापडतात. जिच्या नावातच आपली नदी आहे ती गाय आपल्या काठावर दिसत नाही. तिला कोणी मारले नाही, की कुठली मोठी साथ आली नाही. तिचे काम गेले आणि तिच्यामागे ती गेली.

देशाचे आकडे हेच सांगतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात देशी व गावठी गोवंश सुमारे १४ कोटी २१ लाख भरला. २०१२ च्या तुलनेत तो ६ टक्क्यांनी घटला. त्याच काळात विदेशी आणि संकरित गोवंश जवळपास २७ टक्क्यांनी वाढून ५ कोटींवर गेला. वाऱ्याची दिशा कळायला एवढे पुरे.

शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही

‘शेतकऱ्यांनी देशी गाय टाकली’ असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे असते. म्हणणाऱ्याला शेण काढायचे नसते. खिल्लार गाय एका वेतात चार-पाचशे लिटरच्या आतबाहेर दूध देते. त्यातले वासराने प्यायचे ते वेगळे. संकरित गाय त्याच्या पाच-सहा पट आणि त्याहूनही जास्त देते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, १९६३ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर गावोगावच्या डेअरीने घराघरात दहा दिवसाला रोख पैसा आणला. पोरांची फी, सोसायटीचे व्याज, दवाखाना हे सगळे त्या दुधावर चालले. त्या पैशाने माणसे उभी राहिली, हे नाकारणारा खोटे बोलतो.

दुसरा हिशेब वैरणीचा. साडेतीनशे किलोच्या गायीला दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा धरला तरी वर्षाला तीन टन झाला. कडब्याचा आजचा भाव लावून बघा आणि मग सांगा, की दूध न देणारी, औताला न लागणारी गाय कोणी कशाच्या जोरावर बांधायची? त्यात २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे बोलोत. पण म्हातारा बैल विकून नवा खोंड घ्यायचा, ही जुनी रीत त्याने अडली हे खरे. आज खोंड विकत घेणारा आधी विचार करतो, की पंधरा वर्षांनी याचे काय करायचे?

तेव्हा भावनेला हात घालून जात वाचणार नाही. गाय परवडली पाहिजे, नाहीतर निदान तोट्यातला काही भाग दुसऱ्या कोणीतरी उचलला पाहिजे. खिल्लारीचे गुण सगळ्या समाजाच्या उपयोगाचे आहेत. उन्हाला दम न सोडणे, निकृष्ट चाऱ्यावर तगणे, गोचिडाला फारसे दाद न देणे, अडचण न होता विणे हे गुण शेकडो वर्षांच्या निवडीतून आलेले आहेत. उन्हाळे कडक होत चालले आहेत. पुढे हे गुण हवेत म्हटल्यावर ते बाजारात विकत मिळणार नाहीत. एकदा मोडलेली जात परत बांधता येत नाही. मग समाजासाठी सांभाळलेल्या वाणाचा खर्च एकट्या अल्पभूधारकाने का सोसायचा?

काम आणि गिऱ्हाईक असले की जात तगते

याचा पुरावा कोल्हापूर शहरातच आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन उभे राहा. म्हैस समोर, धार समोर, फेसाळ दुधाचा पेला हातात. पंढरपुरी म्हशी घेऊन दारोदार फिरायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, ही इथल्या गवळ्यांची पिढ्यांची रीत. खांद्यापलीकडे जाणाऱ्या लांब शिंगांची ही म्हैस दिवसातून चार ठिकाणी थोडे थोडे दूध सोडते, हा गुण त्या धंद्याला नेमका जुळला. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे लावून याच म्हशी गवळी लोक मिरवतात. पंढरपुरी म्हशीसाठी कोल्हापुरात कोणी पुतळा उभारला नाही. ताज्या दुधाला चार पैसे जादा देणारे गिऱ्हाईक होते, म्हणून ती राहिली.

बैलगाडा शर्यतीचे उदाहरण अर्धे खरे आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती सुरू झाल्या तसा खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला, हे बाजारात जाणारा कोणीही सांगेल. पण शर्यतीला लागतो तो पळणारा बैल. शंभर खोंडांतले चार-पाच लाखाला जातात, बाकीच्यांचे काय? आणि ज्या गायीच्या पोटी तो खोंड येतो तिच्या वैरणीला शर्यतीच्या बक्षिसातले काय मिळते? शिवाय फक्त वेगावर निवड होत गेली, तर औताची ताकद आणि शांत स्वभाव हे गुण मागे पडतील. शर्यतीने जातीला श्वास दिला हे मान्य, पण एकट्या शर्यतीवर जात जगणार नाही.

परक्या मुलखातले दोन धडे आणि एक आपल्या देशातला

जुने गाव जसेच्या तसे उभे करून दाखवणारी संग्रहालये जगात बरीच आहेत. काहींत औत, चूल, भट्टी सगळे चालू ठेवतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज नावाचे असे ठिकाण आहे. १९७० च्या दशकात तिथल्या लोकांना वाटले, की घरे जुनी, कपडे जुने, मग जनावरेही त्या काळातलीच पाहिजेत. शोधायला निघाले तर कितीतरी जुन्या जाती उरल्याच नव्हत्या. त्या धक्क्यातून १९७७ मध्ये तिकडे दुर्मिळ पशुजाती जपणारी संस्था उभी राहिली. म्हणजे संग्रहालयाच्या गोठ्यातली रिकामी जागा बघून देशाला जाग आली.

व्हर्जिनियातले कलोनियल विल्यम्सबर्ग याच्या पुढे गेले. लेस्टर लाँगवुल ही लांब लोकरीची मेंढी तिकडे नामशेष झाली होती. १९९० मध्ये त्यांनी ती ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरून आणली. नुसती कुंपणात ठेवून लोकांना दाखवली नाही. कळप वाढला तसे ते मेंढ्या इतर पाळणाऱ्यांना देत गेले, ठिकठिकाणी छोटे कळप उभे केले आणि वंशावळीची वही ठेवली. एका ठिकाणी रोग आला तरी बाकीचे कळप राहतील, ही त्यातली अक्कल.

आपल्या देशात केरळची वेचूर गाय घ्या. जगातल्या सर्वांत बुटक्या गायींपैकी ही एक, आणि ती जवळजवळ संपलेली होती. १९८९ मध्ये केरळ कृषी विद्यापीठाच्या प्राध्यापिका डॉ. सोसम्मा आयप यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव हिंडून उरलीसुरली जनावरे गोळा केली आणि पैदास सुरू केली. पुढे ती गाय परत शेतकऱ्यांच्या घरी गेली. २०२२ मध्ये डॉ. आयप यांना पद्मश्री मिळाली. संस्थेने बी धरले आणि शेतकऱ्याने पेरले. या तिन्ही ठिकाणी संस्थेने जनावर साठवले नाही, पुढे दिले.

एकाच कणगीत सगळे बियाणे ठेवू नये

जनावरे एका जागी गोळा करून ठेवण्यात काय धोका असतो, ते आपण जवळून पाहिले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कणेरीला पंचमहाभूत लोकोत्सव भरला होता. लाखो लोक आले. त्याच दिवसांत गोशाळेतल्या पन्नासहून अधिक गायी दगावल्या. शिळे अन्न मोठ्या प्रमाणात खाण्यात आल्याने विषबाधा झाली असावी, असे त्या वेळी सांगण्यात आले. सगळा जिल्हा हळहळला. कोणाला पुन्हा दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण त्यातला धडा प्रत्येक गोठ्याचा आहे.

गायीचे पोट वैरण आंबवून पचवणारे आहे. पोळ्या, भात, गोडधोड असे पिठूळ अन्न तिने एकदम जास्त खाल्ले, तर पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो, अंगातले पाणी ओढले जाते आणि काही तासांत जनावर आडवे होते. लग्नातले उरलेले जेवण ‘वाया जाण्यापेक्षा गायीला घाला’ म्हणून पाटीभर ओतणारे भाविक गावोगाव आहेत. त्यांनी पुण्य करायचे असेल तर वैरणीची पेंढी न्यावी. यात्रा-उत्सवाच्या दिवशी गोशाळेच्या दाराशी माणूस उभा करून बाहेरचे अन्न आत जाऊ देऊ नये, हा नियम प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत लावावा.

मोठा धडा मात्र जातीच्या हिशेबाचा आहे. एखाद्या दुर्मिळ जातीची निम्मी जनावरे एकाच आवारात असतील, तर एक वाईट दिवस ती जात बुडवू शकतो. आपला बाप-आजा बियाण्याची जोंधळ्याची कणसे एकाच जागी ठेवत नव्हता. थोडी आढ्याला टांगायचा, थोडी भावाच्या घरी द्यायचा. जनावराच्या बियाण्यालाही तोच नियम.

रोज पन्नास रुपये, पण कोणाला?

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा दिला आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. वर्षाचे १८,२५० रुपये होतात. गोशाळांची ओढाताण बघता ही मदत योग्यच आहे. भाकड, टाकून दिलेली जनावरे त्या सांभाळतात. ते काम दुसरे कोणी करत नाही.

पण जरा विचार करा. जो शेतकरी आपल्या दारात जातिवंत खिल्लार गाय ठेवतो, खिल्लार वळूच दाखवतो आणि दर दीड-दोन वर्षांनी जातिवंत वासरू तयार करतो, त्याला या योजनेत काही नाही. त्याने तीच गाय कंटाळून गोशाळेत नेऊन सोडली, की तिच्या नावावर रोज ५० रुपये सुरू होतात. गाय दारात असताना तिला किंमत नाही आणि दारातून हाकलली की किंमत, असे होऊन चालेल काय? गोशाळेचे अनुदान काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या जोडीला शेतकऱ्याच्या दारातल्या जातिवंत पैदाशीला पैसे द्या, एवढीच मागणी आहे. तेही गाय दाखवून नव्हे, वासरू दाखवून द्यावेत. जातिवंत कालवड वर्षाची झाली, कानात १२ अंकी बिल्ला आहे, आईबापाची नोंद आहे, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिली, की ठरलेली रक्कम खात्यावर जमा व्हावी. त्यामुळे खोटी नावे घुसणार नाहीत आणि पैसा नेमका जात वाढण्यावर खर्च होईल.

आता करायचे काय?

पहिले काम मठाचे आणि संग्रहालयाचे. त्यांनी सगळ्या देशाच्या जाती दाखवाव्यात, पण वाढवण्यासाठी आपल्या मातीतल्या एक-दोनच निवडाव्यात. खिल्लार तर आहेच, कृष्णाकाठची जात परत आणता आली तर याहून चांगले काय? प्रत्येक जनावराची वंशावळ वहीत असावी. तयार झालेली पाडी आणि खोंड करार करून शेतकऱ्यांना द्यावेत. अट एकच, पहिली कालवड परत द्यायची, ती पुढच्या शेतकऱ्याला जाईल. सिमेंटच्या औताशेजारी एखादी जिवंत जोडी रोज तासभर औत ओढताना लोकांना दिसावी आणि ती चालवायला खेड्यातला जाणता बैलकरी पगारावर ठेवावा. जूं कसे ठेवायचे, खांदा सुजू नये म्हणून काय करायचे, खोंड कसा शिकवायचा, हे ज्ञान त्या म्हाताऱ्या माणसांबरोबर चालले आहे. बैल राहिला आणि बैल हाकणारा राहिला नाही, तरी उपयोग काय?

दुसरे काम ग्रामपंचायतीचे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांनी कपाटातून लोकजैवविविधता नोंदवही बाहेर काढावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ही वही तिच्याकडे असते. झाडे-पक्षी यांच्याबरोबर पाळीव जनावरांच्या स्थानिक जातीही तिच्यात लिहायच्या असतात. बहुतेक ठिकाणी हे पान भरलेच तर एका ओळीत भरले जाते. ते नीट भरा. गावात जातिवंत गायी किती, कोणाकडे, वळू आहे की नाही, शेवटचा वळू कधी होता, सगळे लिहा.

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पावसाच्या तालुक्यांनी तर हे अगोदर करावे. तिथल्या लहान चणीच्या, चिखलात न थकणाऱ्या डोंगरी जनावराला आपण नुसते ‘गावठी’ म्हणून सोडून देतो. घाटाखालच्या कोकणातल्या अशाच गायीलाही पूर्वी गावठीच म्हणत. मग तिचा अभ्यास झाला, मापे घेतली गेली आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ‘कोकण कपिला’ म्हणून तिची नोंद झाली. नाव मिळाले की गणनेत वेगळा रकाना मिळतो, आणि रकाना मिळाला की वळूची आणि योजनेची भाषा करता येते. एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तीही जातवार. आपल्या डोंगरी गायीला स्वतंत्र नाव द्यायचे की नाही, हे कृषी विज्ञान केंद्राने आणि पशुसंवर्धन खात्याने तपासावे. पण त्याची सुरुवात गावच्या वहीतूनच होणार.

तिसरे काम वळूचे. जात टिकवण्यात गायींपेक्षा वळूचा प्रश्न बिकट असतो. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या निकषाने पैदासक्षम माद्या शंभर किंवा त्याहून कमी, किंवा नर पाच किंवा त्याहून कमी राहिले, की ती जात अगदी शेवटच्या टोकाला आली असे धरतात. शंभर गायींच्या बरोबरीने पाच नर मोजले आहेत, यावरून काय ते समजा. पूर्वी गावाचा एक सोडलेला वळू असायचा. तो पिकात शिरला तरी कोणी काठी उगारत नसे. आता तो गेला आणि कांडी आली. कांडी वाईट नाही. चांगल्या खिल्लार वळूची कांडी मागितली तर मिळू शकते, पण मागत कोण? डॉक्टरच्या डब्यात जी असेल ती भरली जाते. गाय माजावर यायच्या आधीच सांगून ठेवा, ‘डॉक्टर, मला खिल्लारीचीच पाहिजे.’ मागणी दिसली की पुरवठा होतो.

आणि वळू पाळायचाच असेल तर पाच गावांनी मिळून पाळावा. एक वळू वर्षाला पन्नास-साठ गायींना पुरतो. प्रत्येक गावाने एक तपासलेला, रोगमुक्त, जातिवंत वळू ठेवायचा आणि दर तीन वर्षांनी तो पुढच्या गावाला द्यायचा. तीन वर्षे अशासाठी, की तोवर त्याच्या स्वतःच्या कालवडी माजावर यायच्या वयाला पोचत नाहीत. बापलेकीचा संकर झाला की वासरे खुरटी होतात, गाभ राहत नाही. पाच गावांचा फेरा पुरा व्हायला पंधरा वर्षे लागतात, तोवर वळूच बदललेले असतात. याला मोठा पैसा लागत नाही. लागते ती गावांची आपसातली समजूत आणि गायरानातला एखादा तुकडा वैरणीला.

शेवटचे काम तुमचे-आमचे. दहा जर्सी-एचएफ बांधणाऱ्याने त्या सगळ्या विकून खिल्लार आणावी, असा उपदेश कोणी करू नये आणि केला तर तुम्ही ऐकू नये. पण ज्याचा गोठा दुधावर नीट चालला आहे, त्याने त्या दावणीला एक जातिवंत देशी गाय जास्तीची बांधावी. तिचे दूध घरात खावे, शेण-मूत रानात घालावे आणि दोन वर्षांतून एक वासरू तयार करून गरजवंताला द्यावे. ज्याच्याकडे एक-दोन एकर तुकड्याची शेती आहे, जिथे ट्रॅक्टर वळत नाही, त्याने बैलजोडीचा हिशेब पुन्हा एकदा कागदावर करून बघावा. शेजाऱ्याचे भाड्याने औत मारून येणारा पैसाही त्यात धरावा. काही जणांना अजून परवडते, काही जणांना परवडणार नाही. ज्यांना परवडते त्यांनी लाजू नये. बैल हा गरिबीचा शिक्का नव्हे.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? चित्रे आहेत, मूर्ती आहेत, व्हिडिओ आहेत, पोरांना कळेल बैल कसा होता ते. त्याला उत्तर एवढेच, की ‘कसा होता’ हे कळण्यासाठी मूर्ती पुरते, पण उद्या गरज पडली तर मूर्तीला वासरू होत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. कर्नाटकी बेंदूर असो की महाराष्ट्रीय, सणाच्या आधी गावातल्या खऱ्या बैलांची, जातिवंत गायींची आणि वळूंची मोजणी करा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा मोजा आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. आकडा घटला असेल तर वळूसाठी शेजारच्या चार गावांना निरोप त्याच आठवड्यात गेला पाहिजे.